क्रोशाचा पहिला महिना: साखळीपासून गोल रुमालापर्यंत

गेल्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीतल्या एक ताई पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या. पिशवीत आकाशी दोऱ्याचा विणलेला तुकडा होता. सगळ्यात खालच्या ओळीत 20 खांब, म्हणजे उभे टाके, सगळ्यात वरच्या ओळीत 13. मधल्या ओळी मोजल्या तर 19, 18, 17 अशा उतरत गेलेल्या. "व्हिडिओत दाखवतात तस्संच करतेय हो, तरी कडेला निमुळतं होत जातं," त्या म्हणाल्या. मी त्यांना समोर बसवून दोन ओळी विणायला सांगितल्या. हात छान चालत होता. सुई आत, वेढा, फास बाहेर, सगळं सफाईदार. फक्त ओळीतला पहिला टाका कुठला आणि शेवटचा कुठला, हे त्यांना दिसत नव्हतं.

क्रोशा शिकवायला लागल्यापासून मी हेच पाहत आले आहे. हाताची हालचाल दोन-तीन दिवसांत बसते. पण विणलेल्याकडे बघून "हा एक टाका, हा दुसरा" असं बोट ठेवून सांगता येत नाही, आणि मग काम वाकडं झालं की का झालं ते कळत नाही. ज्यांना टाका दिसायला लागतो, त्यांना पुढचं सगळं आपलं आपण जमतं. म्हणून इथे टाका कसा घालायचा यासोबत तो घातल्यावर कसा दिसतो, कुठे मोजायचा, तेही सांगणार आहे. रोज अर्धा तास काढलात तर महिन्याभरात एक सरळ कडांचा चौकोन आणि चहाच्या कपाखाली ठेवायचा एक गोल रुमाल तुमच्या हातून होईल.

सामान: थोडंच, पण नेमकं

पुष्कळजणी आईचा किंवा सासूबाईंचा पत्र्याचा डबा उघडतात. त्यात बारीक स्टीलच्या सुया असतात आणि 40 नंबरच्या पांढऱ्या दोऱ्याची रिळं. रुखवतातली तोरणं, ताटावरचे रुमाल, टीव्हीवरची आच्छादनं याच सुयांनी झाली. आंध्रातल्या नरसापूरची क्रोशाची लेस, जिला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तीही अशाच बारीक दोऱ्याची. हे काम सुंदर असतं, पण शिकायला सुरुवात याने करू नका. बारीक दोऱ्यात टाका डोळ्यांना दिसतच नाही आणि आपल्याला तर टाका बघायलाच शिकायचं आहे. तो डबा जपून ठेवा, सहा महिन्यांनी कामाला येईल. त्यातल्या आकड्यांबद्दल एक लक्षात असू द्या: क्रोशाच्या दोऱ्याचा नंबर वाढला की दोरा बारीक होतो. 10 नंबरचा जाड, 20 चा त्याहून बारीक, 40 चा आणखी बारीक.

पहिल्या कामासाठी जाडसर सुती दोरा घ्या, ज्याला दुकानात निटिंग कॉटन म्हणतात. रंग फिका आणि एकच असावा: पिवळा, आकाशी, पोपटी, फिका गुलाबी. काळा, गडद निळा, वाइन रंग बिलकुल नको, संध्याकाळी ट्यूबलाइटखाली त्यात काहीच दिसत नाही. एका गुंड्यात चार रंग येणारा दोराही नको. तो दुकानात मोहात पाडतो, पण रंग बदलला की टाक्याची कड हरवते. केसाळ, मखमली लोकर तर वर्षभर तरी दूर ठेवा.

लोकर, म्हणजे बाजारात मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक, स्वस्त आणि मऊ असते. बाळाच्या टोपड्याला, मफलरला चांगली. सरावासाठीही चालेल. पण गरम पातेल्याखाली ठेवायच्या किंवा पातेलं उतरवायच्या वस्तूला ॲक्रिलिक कधीही वापरू नका. ते उष्णतेने वितळतं. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक वस्तूला सुतीच.

सुई 4 मिलिमीटरची घ्या. पाकिटावर धाग्यासाठी कोणती सुई चालेल ते छापलेलं असतं, तेही बघा. सुईचा आकार म्हणजे दांड्याची जाडी. आकड्याची, म्हणजे जिथे दोरा अडकतो त्या टोकाची जाडी नव्हे. म्हणून विणताना फास नेहमी दांड्यावर आला पाहिजे, आकड्याजवळच्या अरुंद मानेवर नाही. मानेवर टाके घट्ट बसतात आणि पुढच्या ओळीला सुई शिरत नाही. साधी ॲल्युमिनियमची सुई पुरते, रबरी मुठीची असेल तर बोटांना बरी. एकदम बारा सुयांचा संच घ्यायची काही गरज नाही.

बाकी घरातलंच: कात्री, दोन-तीन सेफ्टी पिना, बोथट टोकाची आणि मोठ्या नेढ्याची एक सुई, टेप. पुण्यात तुळशीबाग, रविवार पेठेच्या भागात हे सगळं एका फेरीत मिळतं. लहान गावात शिवणाच्या सामानाच्या दुकानात विचारा. सुई आणि दोऱ्याचा एक गुंडा एवढ्यावर महिना सहज निघतो. मोठ्या कामाला दोरा घेताना मात्र वेष्टनावरचा लॉट नंबर सारखा आहे ना ते पाहून सगळे गुंडे एकदम घ्या. तोच पिवळा वेगळ्या लॉटमध्ये थोडा वेगळा निघतो आणि चादरीवर तो पट्टा कायम दिसत राहतो.

धरायचं कसं

उजव्या हातात सुई पेनासारखी धरा किंवा भाजी चिरताना सुरी धरतो तशी. दोन्ही बरोबर आहेत, ज्याने मनगट दुखत नाही ती तुमची पद्धत. आकड्याचं तोंड तुमच्याकडे किंवा किंचित खाली असावं.

खरं काम डाव्या हाताचं आहे. गुंड्याकडून येणारा दोरा करंगळीभोवती एकदा गुंडाळा, मग मधल्या बोटांखालून काढून तर्जनीवरून पुढे आणा. अंगठा आणि मधलं बोट विणलेला भाग चिमटीत धरतात. तर्जनी थोडी वर उचललेली, म्हणजे दोरा ताठ राहतो. करंगळी सैल केली की दोरा पुढे सरकतो, आवळली की थांबतो. हा ताण सारखा राहिला की टाके सारखे येतात. पहिले दोन दिवस दोरा सुटत राहील. सुटू द्या, पुन्हा धरा.

डावखुऱ्यांनी सगळं उलट करायचं, आरशात दिसतं तसं: सुई डाव्या हातात, काम डावीकडून उजवीकडे. डावखुऱ्या मुलीला शिकवायचं असेल तर तिला शेजारी न बसवता समोर बसवा. तिला तुमचे हात आरशासारखे दिसतील आणि डोक्यात उलटापालट करावी लागणार नाही.

साखळी

दोऱ्याच्या टोकापासून वीतभर अंतर सोडून सरकफास करा: दोऱ्याचं कडं करायचं, गुंड्याकडचा दोरा त्या कड्यातून फासासारखा वर ओढायचा आणि टोक ताणून आवळायचं. तो फास सुईवर चढवा. सुई आत हलली पाहिजे, इतपतच घट्ट.

आता तर्जनीवरच्या दोऱ्याखालून सुई घालून दोरा आकड्यात घ्या. याला मी वेढा घेणं म्हणते. तो दोरा सुईवरच्या फासातून बाहेर ओढा. झाली एक साखळी. पुन्हा वेढा, पुन्हा बाहेर. दर चार-पाच साखळ्यांनी डाव्या हाताची चिमूट सुईजवळ सरकवा, लांबून धरलं की साखळ्या सैल-घट्ट होतात.

20 साखळ्या झाल्या की थांबा आणि बघा. समोरून ती वेणीसारखी दिसते, एकात एक अडकलेले पेड. प्रत्येक पेड म्हणजे एक साखळी. उलटी केलीत तर प्रत्येक पेडामागे एक बारीक उंचवटा दिसेल. मोजताना दोन गोष्टी मोजायच्या नाहीत: सुईवर असलेला फास आणि अगदी सुरुवातीची गाठ. बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. सुईवरचा फास मोजला जातो आणि हिशेबात एक साखळी जास्त येते.

पहिला दिवस निव्वळ साखळीचा ठेवा. 100 घाला, उसवा, परत 100 घाला. क्रोशात टाका पूर्ण झाला की सुईवर एकच फास जिवंत असतो. दोन सुयांच्या विणकामात सुई निसटली की पूर्ण ओळ घरंगळते, इथे तो धोका नाही. हवं तितकं उसवायचं, फास पकडायचा आणि पुढे चालू. या सोयीचा पुरेपूर फायदा घ्या, उसवताना जीव खालीवर करू नका.

साखळी घट्ट येत असेल, आणि सुरुवातीला सगळ्यांची येते, तर फक्त साखळीसाठी एक नंबर मोठी सुई वापरा. पायाची साखळी आवळलेली राहिली तर वरचा चौकोन खालून चुण्या पडल्यासारखा दिसतो आणि ते कुठल्याही इस्त्रीने सरळ होत नाही.

मुका खांब

16 साखळ्या घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीत सुई घाला. साखळीच्या पेडातल्या दोन दोऱ्यांपैकी वरच्या एकाखालून गेलात तरी पहिल्यांदा चालेल, पण उंचवट्यासकट दोन दोरे उचलले तर कड जास्त सुबक येते. वेढा घ्या, फास बाहेर ओढा. सुईवर दोन फास झाले. पुन्हा वेढा घेऊन तो दोन्ही फासांतून एकदम बाहेर काढा. हा मुका खांब. ठेंगणा, गच्च, उभारी नसलेला टाका. खेळणी, पिशव्यांचे बूड, जिथे जाळी नको तिथे हाच.

ओळीच्या शेवटपर्यंत जा. 15 मुके खांब झाले पाहिजेत. 16 साखळ्यांतली एक उंचीसाठी गेली. आता एक साखळी घाला आणि काम पुस्तकाचं पान उलटतो तसं फिरवा. ही एक साखळी टाका म्हणून मोजायची नाही. दुसऱ्या ओळीचा पहिला मुका खांब पहिल्याच टाक्यात.

इथे जरा वेळ काढा. विणलेल्या ओळीच्या डोक्यावर वरून बघा. तिथे पुन्हा तीच वेणी दिसते, आडवी पडलेली. तिचा प्रत्येक पेड दोन दोऱ्यांचा आहे, एक तुमच्या बाजूचा, एक पलीकडचा. प्रत्येक पेड हे एका टाक्याचं डोकं. सुई दोन्ही दोऱ्यांखालून गेली पाहिजे. एकाच दोऱ्याखालून गेलीत तर कामावर आडव्या रेघा उमटतात. काही नमुन्यांत त्या मुद्दाम आणतात, पण नकळत आल्या तर तुकडा एका ठिकाणी सैल आणि एका ठिकाणी घट्ट होतो. सुईच्या टोकाने पेड एकेक करून मोजा. तोंडाने आकडा म्हणा. पहिल्या 10 ओळी मी प्रत्येकीला दर ओळीला मोजायला लावते. कंटाळा येतो हे मला माहीत आहे, पण पाचव्या-सहाव्या ओळीपर्यंत डोळा आपोआप पेडावर पडायला लागतो.

खांब, आणि त्या निमुळत्या रुमालाचं कोडं

खांब म्हणजे क्रोशाचा कणा. तोरण, शाल, जाळी, ग्रॅनी स्क्वेअर (मधून बाहेर विणत नेलेला चौकोन), सगळ्यांत तोच.

17 साखळ्या घाला. आता आधी सुईवर एक वेढा घ्या, मग सुईपासून चौथ्या साखळीत सुई घाला. फास बाहेर ओढा. सुईवर तीन फास. वेढा घेऊन पहिल्या दोनांतून काढा, दोन उरतील. पुन्हा वेढा घेऊन त्या दोनांतून काढा, एक उरेल. वेढा आत, दोनातून, दोनातून. ही लय मनात बसली की हात थांबत नाही.

तयार खांब न्याहाळा. उभा दांडा आहे आणि त्याच्या मध्यावर एक तिरका पट्टा आहे. तो तुम्ही आधी घेतलेल्या वेढ्याचा. एक पट्टा दिसला की खांब, दोन दिसले की दोन वेढ्यांचा उंच खांब, एकही नसेल तर मुका. दुसऱ्याच्या हातचं काम पाहून "हे कसं केलं असेल" याचा अंदाज बांधायला हे पट्टे फार कामाला येतात.

आता हिशेब. सोडलेल्या तीन साखळ्या मिळून एक खांब मानायचा, पुढचे 14 विणलेले, एकूण 15. ओळ संपली की तीन साखळ्या घालून काम फिरवायचं. या तीन साखळ्या म्हणजे नव्या ओळीचा पहिला खांब. तो कुठे उभा आहे? पहिल्या टाक्यावर. म्हणून पुढचा विणायचा खांब दुसऱ्या टाक्यात जातो. आणि ओळीच्या शेवटी? तिथे मागच्या ओळीच्या तीन साखळ्या खांबासारख्या उभ्या असतात. त्यांच्या डोक्यावर, म्हणजे खालून तिसऱ्या साखळीत, शेवटचा खांब घालायचाच.

ताईंचं काय चुकत होतं ते आता कळलं असेल. त्या शेवटी उभ्या असलेल्या तीन साखळ्यांना कडेचा सुटा दोरा समजत होत्या. तिथे खांब घालत नव्हत्या. दर ओळीला एक खांब गळत गेला आणि सात ओळींत 20 चे 13 झाले. याच्या उलटही होतं: तीन साखळ्या घालून पुन्हा पहिल्याच टाक्यात खांब घातला तर दर ओळीला एक वाढतो आणि तुकडा वर पसरट होत जातो.

उपाय साधा आहे. फिरायच्या तीन साखळ्या घातल्या की तिसरीत लगेच सेफ्टी पिन अडकवा. पुढची ओळ परत त्या टोकाला आली की पिन सांगते, शेवटचा खांब इथे. चार-सहा ओळींनंतर पिनेची गरज उरत नाही. ताईंनी त्याच दिवशी माझ्यासमोर बसून 10 ओळी विणल्या. दहाव्या ओळीत 20 खांब भरले तेव्हा त्यांनी टेप मागून खालची आणि वरची बाजू दोन्ही मोजून बघितल्या.

मुका खांब आणि खांब यांच्या मधला एक टाका आहे, अर्धा खांब. खांबासारखाच आधी वेढा घेऊन आत जायचं, सुईवर तीन फास आले की वेढा घेऊन तिन्हींतून एकदम बाहेर. फिरताना दोन साखळ्या. पाचवा स्लिप स्टिच: सुई आत, वेढा, आणि तो फास टाक्यातून आणि सुईवरच्या फासातून सरळ एका दमात बाहेर. याला उंचीच नाही. तो जोडायला आणि पुढे सरकायला वापरतात.

नावांचा घोळ

इंग्रजी नमुने वाचायला लागलात की एक अडचण येणार. अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, त्यालाच ब्रिटनमध्ये डबल क्रोशे म्हणतात. म्हणजे आपला मुका खांब. अमेरिकेचा डबल क्रोशे म्हणजे ब्रिटनचा ट्रेबल, आपला खांब. जुन्या ब्रिटिश पुस्तकावरून विणणारी आई आणि अमेरिकन व्हिडिओ बघणारी मुलगी एकाच शब्दाने दोन वेगळे टाके घालतात, आणि टोपडं भलत्याच मापाचं होतं. नमुना हातात घेतल्यावर सगळ्यात आधी तो कुठल्या पद्धतीचा आहे ते बघा. लिहिलेलं नसेल आणि कुठेही सिंगल क्रोशे शब्द आला असेल तर तो अमेरिकन. ब्रिटिश पद्धतीत त्या नावाचा टाका नाही.

म्हणूनच मला आकृत्यांचे नमुने जास्त आवडतात. लंबगोल म्हणजे साखळी, बारीक ठिपका म्हणजे स्लिप स्टिच, अधिक किंवा फुलीचं चिन्ह म्हणजे मुका खांब, इंग्रजी टीसारखी खूण म्हणजे अर्धा खांब, त्या टीच्या दांड्यावर एक तिरकी रेघ असेल तर खांब, दोन असतील तर दोन वेढ्यांचा खांब. बघा, तोच तिरका पट्टा इथेही आला. जपानी पुस्तकातलं एक अक्षर न वाचता अशा आकृतीवरून पूर्ण वस्तू विणता येते.

गोल रुमाल

चौकोन सरळ यायला लागला की गोलाकडे वळा.

4 साखळ्या घाला. पहिल्या साखळीत स्लिप स्टिच घालून कडं करा. मध्ये छोटं भोक दिसेल, आता टाके साखळीत नाही तर त्या भोकात घालायचे. 3 साखळ्या घाला, हा पहिला खांब. भोकात आणखी 11 खांब. एकूण 12. पहिल्या खांबाच्या, म्हणजे त्या तीन साखळ्यांच्या, डोक्यात स्लिप स्टिच घालून फेरी बंद करा. काम फिरवायचं नाही, गोलात नेहमी एकच बाजू समोर.

दुसरी फेरी: 3 साखळ्या, त्याच टाक्यात 1 खांब. पुढच्या प्रत्येक टाक्यात 2 खांब. एकूण 24. स्लिप स्टिचने बंद.

तिसरी फेरी: 3 साखळ्या, त्याच टाक्यात 1 खांब, पुढच्या टाक्यात 1 खांब. मग एका टाक्यात 2, पुढच्यात 1, असं शेवटपर्यंत. एकूण 36.

चौथी फेरी: एका टाक्यात 2, मग दोन टाक्यांत एकेक, याच क्रमाने. एकूण 48. पुढे वाढवायचं असेल तर दर फेरीला 12 वाढतात, मधले एकेरी खांब एकाने वाढवत जायचे. खांबाऐवजी मुक्या खांबाने गोल करायचा असेल तर 6 ने सुरुवात आणि दर फेरीला 6 ची वाढ. टाका जितका उंच, तितका परीघ वाढतो आणि तितके टाके जास्त लागतात, एवढं यामागचं गणित.

टेबलावर ठेवून बघा. कडा वाटीसारख्या वर उचलल्या असतील तर टाके कमी पडलेत किंवा हात घट्ट आहे. कडांना झालर पडत असेल तर टाके जास्त झालेत. दोन्ही वेळा फेरी मोजा, उत्तर तिथेच मिळतं.

ही झालर मात्र फार गमतीची गोष्ट आहे. 1997 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डाइना ताइमिना यांनी तिचा मुद्दाम उपयोग केला. दर ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवत गेलं की कापड चुण्या घेत दुमडतं आणि गणितातला हायपरबोलिक, म्हणजे सगळीकडे खोगिरासारखा वळलेला, पृष्ठभाग तयार होतो. कागदाची मॉडेलं हाताळताना फाटायची. क्रोशाचं मॉडेल विद्यार्थ्यांना हातात घेऊन दुमडून, रेघा ओढून पाहता आलं. हळदीकुंकवाच्या रुमालाला आपण झालर लावतो त्यात तेच गणित आहे. मला हे कळलं तेव्हा एक झालर उसवून टाके मोजत परत विणली होती.

चौथ्या फेरीनंतर रुमालाला कड हवी. एका टाक्यात मुका खांब, पुढचे दोन टाके सोडून तिसऱ्यात 5 खांब, पुन्हा दोन सोडून मुका खांब. 5 खांबांची एक पाकळी होते. एका पाकळीला 6 टाके लागतात, म्हणून 48 मध्ये बरोबर 8 पाकळ्या बसतात. एखाद्या रुमालाची कड शेवटी जुळत नसेल तर आधी टाक्यांना पाकळीच्या आकड्याने भाग जातो का ते बघायचं.

टोक लपवणं आणि खळ

दोरा वीतभर ठेवून कापा, शेवटच्या फासातून पूर्ण ओढून घ्या. ते टोक बोथट सुईत ओवून मागच्या बाजूने चार-पाच टाक्यांच्या बुडातून न्या, मग एक दोरा सोडून उलट दिशेने परत आणा. एकाच दिशेने नेलेलं टोक दोन धुण्यांत बाहेर येतं. गाठ मारून बारीक कापू नका, सुती दोऱ्याची गाठ सुटते आणि भोक पडतं. सुरुवातीचं टोकही असंच लपवायचं.

नवा गुंडा जोडायचाही एक क्षण असतो. खांबाचा शेवटचा वेढा, म्हणजे सुईवर दोन फास उरतात तो, नव्या दोऱ्याने घ्या. पुढचा टाका आपोआप नव्या दोऱ्याचा होतो. रंग बदलतानाही हेच. लाल-पांढरं एकत्र विणायचं असेल तर आधी लाल दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. रंग जात असेल तर तो दोरा बाजूला ठेवा. महिन्याचं काम एका धुण्यात गुलाबी होताना पाहिलं आहे मी.

विणून झाल्यावर रुमाल पाण्यात भिजवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा. दुसऱ्या कोरड्या टॉवेलवर पसरून बोटांनी गोल आकार द्या, प्रत्येक पाकळी ओढून टाचण्या लावा आणि वाळू द्या. आमच्याकडे रुखवताच्या रुमालांना यासाठी साबुदाण्याची खळ करायचे: मूठभर साबुदाणा भरपूर पाण्यात पारदर्शक होईतो शिजवायचा, गाळायचा, पातळ करून रुमाल त्यात बुडवायचा आणि टाचण्या लावून वाळवायचा. पाकळ्या कडक उभ्या राहतात. खळ फक्त सुती कामाला. आणि ॲक्रिलिकवर इस्त्री फिरवू नका, लोकर एकदा लुळी पडली की परत फुलत नाही.

पुढे काय

दोन-तीन रुमाल झाले की ग्रॅनी स्क्वेअर करा. कड्यात 3 खांब आणि 2 साखळ्या असं चार वेळा, की चार कोपरे. पुढच्या फेरीत प्रत्येक कोपऱ्यातल्या जागेत 3 खांब, 2 साखळ्या, 3 खांब. टाके साखळ्यांमधल्या मोकळ्या जागेत जातात, त्यामुळे हे काम झपाझप होतं आणि घरातले उरलेले दोरे संपतात. दोन चौकोन जोडलेत की फोनचं पाकीट, सोळा जोडलेत की उशीचा अभ्रा. मग टोपडं, आणि हात स्थिर झाला की तो पत्र्याचा डबा. बारीक दोऱ्याने करायचं तोरण एकदम हातात घेऊ नका, आधी त्याच नमुन्याची एक पाकळी जाड दोऱ्याने करून बघा. टाके त्याच जागी असतात, फक्त लहान होतात.

मनगट किंवा अंगठ्याचं मूळ दुखायला लागलं तर त्या दिवशी थांबा. बहुतेक वेळा सुई फार आवळून धरलेली असते. दर वीस मिनिटांनी हात खाली सोडून बोटं उघडझाप करा, आणि उजेड डाव्या खांद्यामागून येईल असं बसा.

काम अर्धवट ठेवताना सुई तशीच फासात सोडू नका. पिशवीत ती निसटते आणि ओढ बसली की दोन ओळी उसवतात. फास थोडा मोठा ओढून त्यात सेफ्टी पिन लावा, आणि कितवी फेरी, किती टाके, ते चिठ्ठीवर लिहून तीच चिठ्ठी पिनेला टोचून ठेवा.